प्रथम वर्ष बी.एस्सी. भौतिकशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश पूर्ण झाल्यापासून पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत विभागाकडे दरवर्षी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विद्यार्थ्यांच्या, आणि काही ठिकाणी पालकांच्या, शब्दांतच ठेवले आहेत. विद्यापीठाचे परिपत्रक आणि येथील मजकूर यांत फरक आढळल्यास परिपत्रक ग्राह्य धरावे. प्रयोगशाळा, जर्नल आणि अंतर्गत गुण यांबाबतचे नियम मात्र विभागाचे आहेत आणि ते दोन्ही सत्रांना लागू आहेत.

१. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रात नेमके काय असते आणि आठवड्याला किती तास द्यावे लागतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली असून आपला अभ्यासक्रम त्याच रचनेत बसतो. पहिल्या सत्रात यामिकी (मेकॅनिक्स) आणि द्रव्याचे गुणधर्म, तर दुसऱ्या सत्रात विद्युतशास्त्र आणि चुंबकत्व शिकवले जाते. प्रत्येक सत्रात लेखी विषयाचे दोन आणि प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक (क्रेडिट) आहेत. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, त्यामुळे एका सत्रात ३० तासिका आणि ६० तासांची प्रात्यक्षिके होतात. आठवड्याच्या हिशेबाने दोन तासिका आणि चार तासांचे एक प्रात्यक्षिक. एकूण वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ प्रयोगशाळेत जातो, आणि या पानावरील बहुतेक प्रश्नही तेथूनच आलेले आहेत. घरच्या अभ्यासासाठी प्रत्येक तासिकेमागे दोन तास धरावेत. त्यातील निम्मा वेळ उदाहरणे सोडवण्यात जायला हवा, कारण केवळ वाचून हा विषय समजल्यासारखा वाटतो आणि कागद समोर आला की समजलेला नसतो.

२. बारावीला माझा गणित विषय नव्हता. मला हा विषय जमेल का?

जमू शकेल, पण पहिले दोन महिने अधिक कष्टाचे जातील. यामिकीत अवकलन आणि संकलन (कॅल्क्युलस) पहिल्या आठवड्यापासून लागते, आणि सदिशांचा बिंदू गुणाकार व फुली गुणाकार माहीत आहे असे गृहीत धरलेले असते. गणित न घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी विभाग सत्राच्या सुरुवातीला काही जादा तासिका घेतो. त्यांना हजेरी नसते, तरीही त्या चुकवू नयेत. गणितामुळे अडलेला विद्यार्थी बहुतेक वेळा भौतिकशास्त्रच कळत नाही असे समजून बसतो आणि चुकीच्या ठिकाणी मेहनत करत राहतो. नेमके कोठे अडले हे सांगता येत नसेल, तर अर्धवट सोडवलेले उदाहरण तसेच घेऊन यावे.

३. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली आहे. वर्गात प्रश्न मराठीत विचारले किंवा उत्तरे मराठीत लिहिली तर चालतात का?

वर्गात, प्रयोगशाळेत आणि तोंडी परीक्षेत मराठीत बोलण्यास कोणतीही आडकाठी नाही. अंतर्गत चाचणीत स्पष्टीकरणे मराठीत लिहिता येतात. चिन्हे, सूत्रे आणि एकके मात्र छापील अभ्यासक्रमात आहेत तशीच ठेवावीत. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तराचे माध्यम परीक्षा अर्जात नोंदवलेले असते आणि त्याप्रमाणेच पूर्ण उत्तरपत्रिका लिहावी लागते. संवेग, जडत्व आघूर्ण, बल आघूर्ण हे शब्द शाळेत पाठ केलेले असतील तर त्यांचा उपयोगच होतो, कारण व्याख्या ज्या भाषेत समजली आहे त्याच भाषेत ती तोंडी परीक्षेत न अडखळता सांगता येते.

४. गुणांची विभागणी कशी आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात?

लेखी विषय ५० गुणांचा असून त्यापैकी ३५ गुण सत्रान्त परीक्षेचे आणि १५ अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. अंतर्गत १५ पैकी १० गुण दोन चाचण्यांच्या सरासरीवर आणि ५ गुण गृहपाठावर दिले जातात. प्रात्यक्षिकाची विभागणीही ३५ आणि १५ अशीच आहे. तेथील १५ गुण वर्षभरातील नव्हे, तर त्या त्या सत्रातील जर्नल आणि प्रयोगशाळेतील कामाचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के गुण दोन्ही भागांत स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, म्हणजे सत्रान्त परीक्षेत किमान १४ आणि अंतर्गत मूल्यमापनात किमान ६. ही अट न वाचल्यामुळे होणारी फसगत प्रश्न १८ मध्ये पाहावी.

५. ७५ टक्के हजेरी म्हणजे नेमकी किती? लेखी आणि प्रात्यक्षिकाची हजेरी एकत्र धरतात का?

एकत्र धरत नाहीत. ३० पैकी ७५ टक्के म्हणजे साडेबावीस तासिका, म्हणून लेखी विषयासाठी किमान २३ तासिकांची हजेरी लागते. प्रात्यक्षिके १५ होतात आणि त्याच हिशेबाने १२ प्रात्यक्षिकांना उपस्थित राहावे लागते. थोडक्यात, लेखी विषयात सात तासिका चुकवता येतात आणि प्रात्यक्षिके फक्त तीन. गौरी-गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची यांपैकी एक-दोन प्रात्यक्षिके पहिल्या सत्रातच खर्च होतात, तेव्हा उरलेले प्रात्यक्षिक आजारपणासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. उशिरा येण्याबाबत नियम असा की तासिका सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर वर्गात बसता येते, पण हजेरी लागत नाही.

६. आजारी पडल्यास किंवा घरी दुःखद घटना घडल्यास काय करावे?

पुन्हा रुजू झाल्यापासून सात दिवसांत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अर्ज विभागाच्या कार्यालयात द्यावा. सत्र संपताना एकदम आणून दिलेली प्रमाणपत्रे स्वीकारली जात नाहीत. जवळच्या नातेवाइकाचे निधन झाल्यास कोणतेही कागदपत्र मागितले जात नाही. पालकांचे पत्र पुरते. अशी रजा मंजूर झाली तरी बुडालेला प्रयोग करावाच लागतो, त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

७. मी नीटची (किंवा सीईटीची) पुन्हा तयारी करत आहे आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून येथे प्रवेश घेतला आहे. हजेरीत सवलत मिळेल का?

नाही. दर वर्षी काही विद्यार्थी याच स्थितीत असतात आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तरीही क्लासची वेळ हे गैरहजेरीचे मान्य कारण ठरत नाही, आणि क्लासने दिलेले पत्र घेऊन येऊ नये. प्रवेश परीक्षेची तारीख आणि महाविद्यालयाची अंतर्गत चाचणी एकाच दिवशी आल्यास प्रवेशपत्र दाखवून चाचणी दुसऱ्या दिवशी देता येते. विद्यापीठाच्या परीक्षेची तारीख मात्र विभागाच्या हातात नाही. एक सूचना अनुभवावरून कराविशी वाटते: दोन्हीकडे अर्धे लक्ष ठेवणाऱ्यांचे प्रात्यक्षिक आधी सुटते, आणि प्रवेश परीक्षेत अपेक्षित गुण न मिळाल्यास जे वर्ष हाताशी राहावे म्हणून प्रवेश घेतलेला असतो, तेच अपुऱ्या हजेरीमुळे निसटते. लेखी तासिका एखाद्या वेळी चुकली तरी चालेल, प्रात्यक्षिक चुकवू नये.

८. मी ‘कमवा व शिका’ योजनेत काम करतो किंवा दुपारी नोकरी करतो. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळेल का?

सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत अर्ज केल्यास मिळते. कारण नोंदवावे लागते, आणि ज्या बॅचमध्ये जायचे आहे तेथे जागा असावी लागते. कामाच्या वेळा मध्येच बदलल्या तर सत्रात एकदा पुन्हा बदल करता येतो. मैत्रीण किंवा मित्र दुसऱ्या बॅचमध्ये आहे हे कारण चालत नाही.

९. कोणता कॅल्क्युलेटर चालतो? मोबाइलवरचा चालेल का?

प्रोग्रॅम साठवता न येणारा कोणताही सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. कॅसिओचे एफएक्स-८२ आणि एफएक्स-९९१ हे वर्गात सर्वाधिक दिसणारे प्रकार आहेत आणि दोन्ही चालतात. मोबाइल प्रयोगशाळेतही कॅल्क्युलेटर म्हणून वापरता येत नाही. लॉग टेबल मागितल्यास परीक्षेत दिले जाते. कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे उदाहरण सुरू करण्याआधी पाहण्याची सवय लावावी: ३० अंशांच्या साइनचे मूल्य ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आले, तर यंत्र बिघडलेले नसून रेडियनमध्ये आहे.

१०. पहिल्या प्रात्यक्षिकाला येताना काय तयारी हवी?

प्रयोगांचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात फलकावर लागते, त्यामुळे आपल्याला कोणता प्रयोग करायचा आहे हे आधीच माहीत असते. उद्देश, सूत्र, आकृती आणि निरीक्षणांचे रिकामे तक्ते वहीत तयार करून यावे. तक्ता काढताना कोणती राशी किती वेळा मोजायची याचा विचार आपोआप होतो, म्हणून तो तयार नसलेल्या विद्यार्थ्याला उपकरण दिले जात नाही. त्याने अर्धा तास बसून तो काढावा आणि मग सुरुवात करावी. विद्युतविषयक प्रयोगांत जोडणी शिक्षकांनी तपासल्याशिवाय कळ दाबू नये. लेझरच्या किरणात किंवा त्याच्या परावर्तनात डोळा आणू नये. हे दोन नियम मोडणाऱ्यास त्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर पाठवले जाते आणि अनुपस्थिती लागते.

११. जर्नलमध्ये काय आणि कसे लिहायचे? खाडाखोड झाली तर पान बदलावे का?

पान बदलू नये. निरीक्षणे प्रयोग चालू असताना, पेनाने, थेट कच्च्या वहीत नोंदवायची असतात. चुकीची नोंद झाल्यास तिच्यावर एकच आडवी रेघ मारावी, जेणेकरून खालचा आकडा वाचता येईल, आणि योग्य आकडा शेजारी लिहावा. व्हाइटनर आणि निरीक्षणांसाठी पेन्सिल यांना मनाई आहे. प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी निरीक्षणांवर शिक्षकांची सही घ्यावी, कारण सही नसलेली निरीक्षणे जर्नलमध्ये कितीही सुंदर अक्षरांत उतरवली तरी ती तपासली जात नाहीत. जर्नल पुढच्या आठवड्याच्या प्रात्यक्षिकाला तपासण्यासाठी द्यायचे असते. एक आठवडा उशीर झाल्यास त्या प्रयोगाचे निम्मे गुण मिळतात आणि त्यानंतर फक्त पूर्ततेची सही मिळते.

गुण मुख्यतः चार ठिकाणी जातात. उपकरणाचे लघुतम माप (त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप) लिहिलेले नसते. शून्य त्रुटी (काहीही मोजत नसताना उपकरण दाखवते तो आकडा) नोंदवलेली नसते. आलेखावर अक्षांची एकके नसतात. आणि उत्तर कॅल्क्युलेटरने दाखवलेल्या सगळ्या अंकांसह उतरवलेले असते. आलेखाचा चढ काढताना बिंदू रेषेवरचे आणि एकमेकांपासून दूर असलेले घ्यावेत, निरीक्षणांच्या तक्त्यातले दोन आकडे उचलू नयेत, अन्यथा रेषा काढण्याला अर्थच उरत नाही.

१२. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचे उत्तर ९.८१ आले नाही. गुण कापले जातील का? रीडिंग थोडे जुळवून घेतले तर चालते का?

या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबवर द्यावे लागेल, कारण प्रयोगशाळेतील निम्मे गैरसमज त्यात आहेत. पहिली गोष्ट म्हणजे पुण्यात ते उत्तर ९.८१ येणे अपेक्षितच नाही. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे, आणि येथील मूल्य दोन दशांश स्थळांपर्यंत ९.७८ इतके येते. शहराची समुद्रसपाटीपासूनची साधारण ५६० मीटर उंची केवळ तिसऱ्या दशांश स्थळावर फरक करते. पुस्तकातले ९.८१ हे ९.८०६६५ या मानक मूल्याचे जवळचे रूप असून ते १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले आहे. ते मध्यम अक्षांशांना जवळचे आहे, आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, येथे सुमारे २.०१ सेकंद असतो. वीस दोलनांना चाळीस सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत असले, तरी ते दाबणारे बोट तितके चपळ नसते आणि सुरुवात व शेवट मिळून सुमारे ०.२ सेकंदाची अनिश्चितता राहते. चाळीस सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. आवर्तकालाचा वर्ग घ्यावा लागत असल्याने अंतिम उत्तरात ती एक टक्का होते, म्हणजे जवळपास ०.१. तेव्हा प्रामाणिक उत्तर ९.७ ± ०.१ असे असेल तर त्याला पूर्ण गुण मिळतात. ९.८१ आणि ९.७८ यांतील फरक या साधनांनी दिसणारच नाही, आणि ज्या जर्नलात सगळ्या लांब्यांसाठी उत्तर नेमके ९.८१ येते ते पाहून परीक्षकाला आनंद होत नाही, शंका येते.

चुकीचे उत्तरही बरेच काही सांगून जाते. उत्तर १०.८ च्या आसपास आले असेल, तर दोलने मोजताना सुरुवातीलाच ‘एक’ म्हटले गेले असण्याची दाट शक्यता आहे. ‘शून्य’ म्हणून सुरुवात करायला हवी होती. तसे न केल्याने प्रत्यक्षात एकोणीस दोलनांचा वेळ मोजला गेला आणि भागिले मात्र वीसने; आवर्तकाल पाच टक्क्यांनी कमी आला आणि उत्तर ९.७८ ऐवजी १०.८४ झाले. हे ज्याने स्वतः शोधून निष्कर्षात लिहिले, त्याला विभाग ‘बरोबर’ उत्तर जुळवणाऱ्यापेक्षा अधिक गुण देतो. हा नियम छापील गुणवाटपात आहे.

आकडे जुळवून घेतल्यास काय होते, ते पुढच्या उत्तरात आहे.

१३. जोडीदाराचे आणि माझे रीडिंग सारखेच आहेत. ही कॉपी समजली जाते का? आणि गेल्या वर्षीचे जर्नल पाहून लिहिले तर?

दोघांनी मिळून एका उपकरणावर प्रयोग केला असेल तर निरीक्षणे सारखी असणारच. त्यात गैर काही नाही, फक्त जोडीदाराचा हजेरी क्रमांक निरीक्षणांच्या पानावर लिहावा. गणन, आलेख, त्रुटींचा अंदाज आणि निष्कर्ष मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असले पाहिजेत.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे जर्नल मांडणी पाहण्यासाठी हाताळण्यास हरकत नाही. त्यातले आकडे उचलले तर ते बहुतेक वेळा ओळखू येतात, आणि त्यासाठी फार हुशारी लागत नाही. ज्या व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप ०.०१ सेंटिमीटर आहे, त्यावर २.३४५ सेंटिमीटर असे निरीक्षण येऊच शकत नाही. तारेचा व्यास स्क्रू गेजने पाच ठिकाणी मोजला आणि पाचही वेळा शंभराव्या मिलिमीटरपर्यंत तोच आकडा आला, हे अशक्य नसले तरी रोज घडत नाही. शिवाय विभाग दर वर्षी लंबकांचे गोळे, तारा आणि काचेचे प्रिझम यांची अदलाबदल करतो, त्यामुळे जुने आकडे नव्या उपकरणाशी जुळत नाहीत.

पहिल्या वेळी असे आढळल्यास प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि गुण कापले जात नाहीत. दुसऱ्या वेळी त्या प्रयोगाचे गुण शून्य होतात. तिसऱ्या वेळी प्रकरण प्राचार्यांकडे जाते. जर्नल देणारा विद्यार्थीही, त्याला माहीत असल्यास, दोषी धरला जातो.

१४. गृहपाठासाठी चॅटजीपीटी किंवा तत्सम साधन वापरले तर चालते का?

संकल्पना समजून घेण्यासाठी किंवा स्वतः सोडवलेले उदाहरण पडताळण्यासाठी वापरता येते. गृहपाठाचे ५ गुण मात्र केवळ लिखाणावर दिले जात नाहीत: दर पंधरवड्याला काही विद्यार्थ्यांना स्वतःच्या गृहपाठातील एखादे उदाहरण फळ्यावर सोडवायला सांगितले जाते, आणि जे समजावता येत नाही त्याचे गुण मिळत नाहीत. उत्तर कोठून आणले याची चौकशी विभाग करत नाही. प्रयोगाची निरीक्षणे अशा साधनाकडून तयार करून घेणे हे प्रश्न १३ मधील गैरप्रकारातच मोडते आणि तेथे पहिल्या वेळची सवलत मिळत नाही, कारण त्या दिवशी प्रयोगच झालेला नसतो.

१५. एखादे प्रात्यक्षिक चुकले तर ते पुन्हा करता येते का?

येते. प्रत्येक सत्राच्या शेवटच्या आठवड्यात राहिलेल्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा खुली ठेवली जाते आणि त्या वेळी जास्तीत जास्त दोन प्रयोग पूर्ण करता येतात. मंजूर रजेवर असलेल्यांना पूर्ण गुण, इतरांना निम्मे गुण मिळतात. त्याआधी दुसऱ्या बॅचमध्ये जागा असल्यास, आणि त्या बॅचच्या शिक्षकांनी होकार दिल्यास, त्याच आठवड्यात प्रयोग करून टाकणे उत्तम. हजेरी मात्र मूळ दिवशीची लागत नाही. पुन्हा केलेला प्रयोग जर्नलची पूर्तता करतो, हजेरीची नाही.

१६. माझ्या हातून उपकरण तुटले. भरपाई द्यावी लागेल का?

नेहमीच्या वापरात तुटलेल्या वस्तूची भरपाई घेतली जात नाही. ताबडतोब सांगणे एवढीच अपेक्षा आहे. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास पाऱ्याला हात न लावता तेथून बाजूला व्हावे आणि प्रयोगशाळा साहाय्यकांना बोलवावे. जळालेला गॅल्व्हानोमीटर किंवा कड तुटलेले प्रिझम गुपचूप कपाटात परत ठेवले, तर पुढच्या बॅचमधील विद्यार्थी दोन तास आपल्याच जोडणीत चूक शोधत बसतो. असे लपवल्याचे कळल्यास भरपाई घेतली जाते.

१७. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रयोग कसा ठरतो? चिठ्ठीत आलेला प्रयोग बदलून मिळतो का? आणि जर्नल हरवले असेल तर परीक्षेला बसू देतात का?

प्रयोग चिठ्ठी काढून ठरतो. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत एकदा तो बदलून मिळतो, त्यासाठी ३५ पैकी ५ गुण कमी होतात. बदलण्याआधी पाच मिनिटे शांतपणे सूत्र आठवून पाहावे. सूत्र आठवत नसल्यास ते परीक्षकांकडून घेता येते आणि त्याचे फक्त २ गुण जातात, हे बहुतेकांना माहीत नसते. तोंडी परीक्षेत प्रश्न प्रामुख्याने स्वतःच्या निरीक्षणांवर विचारले जातात: हे माप किती अचूक आहे, यात सर्वांत मोठी त्रुटी कोठून आली, लांबी दुप्पट केली तर काय होईल.

परीक्षेला बसण्यासाठी किमान आठ प्रयोगांचे प्रमाणित जर्नल लागते. ते हरवल्यास परीक्षेच्या किमान तीन दिवस आधी विभागप्रमुखांना लेखी कळवावे. सही झालेल्या निरीक्षणांची नोंद शिक्षकांच्या वहीत असते, आणि कच्ची वही शिल्लक असल्यास तिच्या आधारे दुय्यम प्रमाणपत्र दिले जाते. जर्नल आणि कच्ची वही दोन्ही हरवल्यास शिक्षकांच्या नोंदीवरून प्रमाणपत्र मिळते, परंतु जर्नलचे गुण तोवर तपासलेल्या प्रयोगांपुरतेच राहतात. परीक्षेच्या सकाळी ‘रिक्षात राहिले’ असे सांगणाऱ्यासाठी कोणतीही तरतूद नाही.

१८. माझी एकूण बेरीज २५ आहे, म्हणजे ५० टक्के. तरी निकालात अनुत्तीर्ण का?

कारण दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. अंतर्गत १५ पैकी १३ आणि सत्रान्त परीक्षेत ३५ पैकी १२ मिळाले असतील तर बेरीज २५ होते, परंतु १४ ची अट पूर्ण होत नाही. अशा वेळी फक्त सत्रान्त परीक्षा पुन्हा द्यायची असते. अंतर्गत १३ गुण तसेच पुढे धरले जातात. उलट अंतर्गत भागात ६ पेक्षा कमी गुण असल्यास पुढच्या सत्रात अर्ज करून चाचणी आणि गृहपाठ दोन्ही नव्याने द्यावे लागतात. पहिल्या सत्राचा विषय राहिला तरी दुसऱ्या सत्रात बसता येते. दुसऱ्या वर्षात जाण्यासाठी किती विषय राहिलेले चालतात हे विद्यापीठाच्या एटीकेटी नियमांवर ठरते, आणि त्याबाबत मित्रांपेक्षा परीक्षा विभागाचे ऐकावे.

१९. गुण कमी वाटत असल्यास तपासणी कशी करून घ्यावी?

अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका वर्गात दाखवल्या जातात आणि त्यानंतर सात दिवसांत शंका विचारता येते. शंका लेखी द्यावी, कोणत्या पायरीला गुण हवे होते ते लिहावे. पूर्ण उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली जाते, त्यामुळे गुण वाढू शकतात तसे घटूही शकतात. सत्रान्त परीक्षेच्या बाबतीत आधी छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन असा विद्यापीठाचा क्रम आहे. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेचे पुनर्मूल्यांकन होत नाही.

२०. मी दिव्यांग आहे. कोणत्या सवलती मिळतात? रंगांधत्व असेल तर वर्णपटाचे प्रयोग कसे करायचे?

केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्याला लेखनिक आणि परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. दोन तासांच्या परीक्षेला चाळीस मिनिटे. प्रमाणपत्र सत्राच्या सुरुवातीला दिल्यास अंतर्गत चाचण्यांनाही हीच सवलत लागू होते. प्रयोगशाळेत साहाय्यक मिळतो. तो उपकरण हाताळू शकतो, मात्र काय मोजायचे आणि किती वेळा, हे विद्यार्थ्यानेच सांगायचे असते, कारण गुण त्या निर्णयांना आहेत.

रंगांधत्वाबाबत विचारणारे विद्यार्थी बहुधा संकोचाने, सत्र अर्धे संपल्यावर विचारतात. ते पहिल्याच आठवड्यात सांगावे, प्रमाणपत्राची गरज नाही. पाऱ्याच्या दिव्याच्या वर्णपटातील रेषा रंगाऐवजी त्यांच्या क्रमावरून आणि स्थानावरून ओळखता येतात, आणि त्यासाठी विभागाने क्रमांकित आकृती तयार ठेवली आहे. रोधकांवरील रंगीत पट्ट्यांऐवजी मल्टिमीटरने रोध मोजून नोंदवण्याची मुभा आहे. यासाठी गुण कमी होत नाहीत.

२१. एनसीसीचे शिबिर किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धा यांमुळे बुडालेले दिवस कसे धरतात?

महाविद्यालयाने पाठवले असल्यास ते दिवस उपस्थिती म्हणून धरले जातात. पत्र जाण्याआधी द्यावे. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासारख्या दीर्घ अनुपस्थितीत दोनपेक्षा अधिक प्रयोग राहतात, म्हणून अशा विद्यार्थ्यांना प्रश्न १५ मधील दोन प्रयोगांची मर्यादा लागू होत नाही आणि परतल्यावर त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक केले जाते. स्वतःहून खेळलेल्या खासगी स्पर्धा यात येत नाहीत.

२२. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागले तर केलेले वाया जाते का? नंतर परत येता येते का?

वाया जात नाही. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण झाले आणि त्यांना जोडून चार श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, त्यासाठीचा ओळख क्रमांक प्रवेशाच्या वेळीच काढून नाव आधारशी जुळते आहे का ते पाहावे. स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकामुळे श्रेयांक अडकून पडतात. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. अनुत्तीर्ण विषय शिल्लक असताना प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून सोडण्याचा निर्णय होत असल्यास आधी राहिलेली प्रात्यक्षिके पूर्ण करावीत. लेखी परीक्षेचा अभ्यास घरी राहून करता येतो, प्रयोगांसाठी मात्र पुन्हा बॅचमध्ये जागा मिळण्याची वाट पाहावी लागते.